'लेटर' की 'लॅटर': एक टी, दोन टी आणि मधला गोंधळ

वार्षिक सभा पुढे ढकलल्याची इंग्रजी नोटीस घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये लागो नाहीतर नेरुळच्या सिडको कॉलनीत, तिच्यात एक जागा घसरायची असते: 'ॲट अ लेटर डेट'. या लेटरमध्ये टी एक की दोन? सेक्रेटरी दोन घालतो, खजिनदार एक खोडतो, आणि कॉम्प्युटर दोघांच्या भांडणात पडतच नाही. एक टी घातला तरी खरा शब्द, दोन घातले तरी खरा शब्द. मग लाल रेघ उमटणार कशी?

नोटिशीचं उत्तर आधीच देऊन टाकतो. तिथे टी एकच. पण उत्तर पाठ करून भागत नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा तोच घोळ होतो. या शब्दाचं स्पेलिंग, अर्थ आणि मूळ ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत. ती एकदा नीट उलगडली की पाठांतराची गरज उरत नाही, आणि 'बिगर', 'हॉटर', 'हॅपिअर' वगैरे मंडळीही आपोआप मार्गी लागतात.

आधी शब्द वेगळे करून घेऊ. मराठीत लिहिताना आपण तीन निरनिराळ्या इंग्रजी शब्दांची मोट बांधून टाकतो. पहिला एल-ए-टी-ई-आर, म्हणजे नंतरचा, उशिराचा. दुसरा एल-ए-टी-टी-ई-आर, म्हणजे दोघांपैकी दुसरा, किंवा उत्तरार्धातला. तिसरा एल-ई-टी-टी-ई-आर, म्हणजे पत्र: ऑफर लेटर, लव्ह लेटर. या तिसऱ्याचं पहिल्या दोघांशी काहीही नातं नाही. तो लॅटिन भाषेतून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याला इथेच निरोप देऊ. यापुढे 'लेटर' म्हणजे एक टीवाला आणि 'लॅटर' म्हणजे दोन टीवाला.

पायरी १: मोठ्याने म्हणा

मराठीत अक्षर दुप्पट लिहिलं की ते दुप्पट उच्चारलंही जातं. 'सखा' आणि 'सख्खा' म्हणून बघा. दुसऱ्या शब्दात जीभ ख वर क्षणभर रेंगाळते. या सवयीमुळे आपण इंग्रजीतही दोन टी दिसले की दोन टी ऐकायला जातो, आणि तिथे फसतो. 'लॅटर' म्हणताना जीभ टी ला एकदाच लागते. मग दुसरा टी कशासाठी? तो स्वतःबद्दल काही सांगतच नाही. तो आपल्या आधीच्या स्वराबद्दल सांगतो: मागचा ए आखूड आहे, 'लॅ' म्हणा, 'ले' म्हणू नका. उलट एकच टी असून त्याच्यापुढे ई आला की मागचा ए लांबतो, 'लेऽटर'.

म्हणजे लिहिण्याआधी शब्द तोंडाने म्हणायचा. तोंड 'ले' म्हणून लांबलं तर टी एक. 'लॅ' म्हणून चटकन आटोपलं तर टी दोन.

ही खूण फार जुनी आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या लिंकनशायर भागात ऑर्म नावाचा एक धर्मगुरू होता. त्याची धर्मप्रवचनं दुसऱ्यांनी वाचताना उच्चार बिघडू नयेत म्हणून तो आखूड स्वरानंतरचं व्यंजन नेमाने दोनदा लिहायचा. त्याचं हस्तलिखित आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्याच्याइतक्या काटेकोरपणे ती पद्धत कुणी चालवली नाही, पण तिचं तत्त्व आजच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शिल्लक आहे.

ऐरोली किंवा महापेच्या कंपन्यांत जे अमेरिकन ग्राहकांशी फोनवर बोलतात त्यांच्यासाठी एक सावधगिरी. अमेरिकन तोंडात दोन स्वरांमधला टी मऊ पडतो आणि ड सारखा ऐकू येतो. त्यांचा 'लॅटर' आणि शिडीचा 'लॅडर' जवळपास सारखेच वाजतात. तिथे टी च्या मागे लागू नका, त्याच्या आधीचा स्वर पकडा. 'ले' आणि 'लॅ' हा फरक ते लोकही पाळतात.

पायरी २: अर्थाची परीक्षा घ्या

कानावर भरवसा नसेल तर दोन चाचण्या आहेत. मला तरी यांच्यापलीकडे तिसरीची गरज भासलेली नाही.

पहिली: शब्दाच्या पुढे 'दॅन' लावून बघा. 'माय ट्रेन वॉज लेटर दॅन युअर्स' हे वाक्य उभं राहतं, म्हणून तिथे एक टी. 'लॅटर' च्या पुढे दॅन कधीच येत नाही. मूळ वाक्यात दॅन नसलं तरी मनात लावता येतं: सभा 'ॲट अ लेटर डेट', म्हणजे आधी ठरलेल्या तारखेपेक्षा नंतरच्या तारखेला. 'पेक्षा' मनात आला की एक टी.

दुसरी: त्या जागी 'फॉर्मर' घालून बघा. फॉर्मर म्हणजे दोघांपैकी पहिला. वाक्याचा अर्थ उलटा झाला पण वाक्य मोडलं नाही, तर तिथे लॅटर हवा. 'ऑफ ऐरोली अँड रबाळे, द लॅटर इज निअरर टू वाशी.' इथे फॉर्मर घातलं तर भूगोल चुकतो, व्याकरण चुकत नाही. म्हणून दोन टी.

एकाच ठिकाणी दोन्ही हवे असतील तर असं: 'द मराठी ग्रंथसंग्रहालय वॉज फाउंडेड इन १८९३. गडकरी रंगायतन केम मच लेटर. द लॅटर स्टँड्स बाय मासुंदा लेक.' पहिल्या जागी काळ, दुसऱ्या जागी क्रम.

लॅटर फक्त दोघांत चालतो. ठाणे, कळवा, मुंब्रा अशी तीन नावं आली की शेवटच्याला 'द लास्ट' म्हणायचं. वर्षाचा किंवा आयुष्याचा उत्तरार्ध मात्र 'द लॅटर हाफ', कारण अर्धे भाग दोनच असतात. 'लेटर हाफ' असं पुष्कळ जण लिहितात, अहवालांतसुद्धा दिसतं, पण ते चूक.

आता माझं मत. साध्या ईमेलमध्ये फॉर्मर आणि लॅटर वापरूच नयेत. वाचणाऱ्याला मागे जाऊन बघावं लागतं की पहिला कोण होता आणि दुसरा कोण. सरळ नाव पुन्हा लिहावं, रबाळे तर रबाळे. पण भाड्याच्या घराचा लीव्ह अँड लायसन्स करार हातात आला तर हे शब्द तुम्हाला ओळखता आलेच पाहिजेत. घरमालक आणि भाडेकरू यांचा उल्लेख त्याच क्रमाने झाला असेल आणि पुढे 'द लॅटर शॅल पे द इलेक्ट्रिसिटी बिल' असं असेल, तर बिल भाडेकरूच्या माथी. तिथे टाइप करणाऱ्याने एक टी गाळला तर वाक्याला अर्थच राहत नाही. सही करण्याआधी दुरुस्त करून घ्या, लाजू नका.

करारांत आणि निविदांत भेटणारं आणखी एक रूप म्हणजे 'नॉट लेटर दॅन थर्टी जून'. याचा अर्थ ३० जूनपर्यंत, ३० जून धरून. त्या दिवशी अर्ज दिला तरी तो वेळेत.

याच कुटुंबातले दोन धोके इथेच सांगून टाकतो. 'लेटेस्ट' म्हणजे आतापर्यंतचं सगळ्यात नवं आणि 'लास्ट' म्हणजे शेवटचं. हयात लेखकाची ओळख करून देताना 'हिज लास्ट बुक' म्हणालात तर सभागृहात चुळबुळ होईल. त्याहून वाईट म्हणजे माणसाच्या नावामागे लावलेलं 'लेट'. 'द लेट सेक्रेटरी' म्हणजे उशिरा आलेला सेक्रेटरी नव्हे, कैलासवासी सेक्रेटरी. बिचारा बसमध्ये अडकलेला असतो आणि आपण त्याला हार घालून मोकळे होतो.

पायरी ३: मुळाशी जा

ही पायरी गाळली तरी स्पेलिंग येईल. पण एकाच 'लेट' ला 'नंतरचा' अर्थाची दोन रूपं का, याचं उत्तर इथेच आहे.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, 'लॅट' असा शब्द होता. त्याचा अर्थ नुसता उशिरा असा नव्हता. त्याचा मुख्य अर्थ होता मंद, संथ, आळशी. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतला 'लाट्स' हा त्याचा भाऊबंद, त्याचाही अर्थ आळशी. या लॅटचं तरभावाचं, म्हणजे 'पेक्षा अधिक' सांगणारं, रूप 'लॅट्रा', म्हणजे अधिक मंद. तोच आजचा आपला दोन टीवाला लॅटर.

मंदाचा 'नंतरचा' कसा झाला, हे ठाण्याच्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. स्लो आणि फास्ट लोकल एकाच वेळी ठाण्याहून सुटल्या तर सीएसएमटीला दुसरी कोण पोचेल? जो मंद तो मागे, जो मागे तो नंतर, आणि दोघांत जो नंतर तो दुसरा. लॅटरचा अर्थ याच रुळांवरून सरकत आला.

मग लेटर कुठून आला? लॅट या मूळ शब्दातला स्वर आखूड होता. पुढे त्याच्या 'लाटे' सारख्या रूपांत तो स्वर लांबला, कारण त्याच्यानंतर एकच व्यंजन आणि मग पुन्हा स्वर अशी रचना होती. लॅट्रामध्ये टी आणि आर अशी दोन व्यंजनं लागून आल्यामुळे स्वराला लांबायला जागाच मिळाली नाही. साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकांत इंग्रजीतल्या सगळ्याच दीर्घ स्वरांनी जागा बदलल्या. त्यात लांब 'आ' सरकत सरकत 'ए' झाला आणि 'लेट' हा आजचा उच्चार घडला. लॅटर आखूडच राहिल्याने या धांदलीत सापडला नाही.

आता बोलणाऱ्यांना 'लेट' आणि 'लॅटर' ही एकाच घरातली माणसं वाटेनात. म्हणून सोळाव्या शतकाच्या सुमारास त्यांनी लेटला सरळ 'अर' जोडून नवा 'लेटर' घडवला. काळाचं काम नव्याकडे गेलं, क्रमाचं काम जुन्याकडे राहिलं. आपण टीची जी भानगड सोडवत बसतो ती या वाटणीतून आली आहे. 'लास्ट' हाही त्याच जुन्या घरातला. तो 'लॅटोस्ट', म्हणजे सगळ्यात मंद, याचं आक्रसलेलं रूप आहे.

याच मुळाचा एक तुकडा तुमच्या कपाटातही असेल. भारतीय पासपोर्ट उघडा. राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीत 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' असे शब्द आहेत. हा 'लेट', एल-ई-टी, म्हणजे परवानगी देणं नव्हे. तो जुन्या 'लेट्टन' या क्रियापदातून आला आहे. त्याचा अर्थ मंद करणं, म्हणून अडवणं. पासपोर्टधारकाला कुणी अडवू नये, अशी ती विनंती. बॅडमिंटनमध्ये काही अडथळा आला की अंपायर 'लेट' पुकारून रॅली पुन्हा खेळवतो, तोही हाच अडथळा.

पायरी ४: हाच नियम बाकीच्यांना लावा

दहावीच्या इंग्रजीत 'डिग्री बदला' हा प्रश्न सोडवलेल्या माणसाला 'अर' आणि 'एस्ट' माहीत असतात. अडतं ते स्पेलिंग. तिथे लॅटरची खूण वापरायची.

'बिग', 'हॉट', 'थिन', 'सॅड', 'वेट' हे एका झटक्यात संपणारे शब्द बघा. प्रत्येकात शेवटी एकच व्यंजन आणि त्याच्या आधी एकच स्वराक्षर. अर लावताना ते व्यंजन दुप्पट करायचं: बी-आय-जी-जी-ई-आर, एच-ओ-टी-टी-ई-आर. एकच जी ठेवलात तर वाचणारा 'बायगर' म्हणेल. दुसरा जी बिचारा त्यासाठीच उभा आहे.

'कूल', 'चीप', 'डीप' मध्ये आधीच दोन स्वराक्षरं आहेत, स्वर लांबच आहे. तिथे पहारा नको: सी-ओ-ओ-एल-ई-आर. 'शॉर्ट', 'कोल्ड', 'थिक' मध्ये शेवटी दोन व्यंजनं आधीच आहेत, तिथेही काही वाढवायचं नाही. 'स्लो' आणि 'लो' च्या शेवटचा डब्ल्यू कधीच दुप्पट होत नाही. 'वाइड', 'सेफ', 'नाइस' यांच्या शेवटी ई आहेच, फक्त आर जोडायचा. आपला लेटरही याच रांगेतला.

शेवटी वाय असेल आणि त्याच्या आधी व्यंजन असेल तर वायचा आय होतो: 'हॅपी' चं एच-ए-पी-पी-आय-ई-आर. 'ईझी', 'हेवी', 'बिझी' सगळे तसेच. वायच्या आधी स्वर असेल तर वाय हलत नाही, उदाहरणार्थ 'ग्रे' चं जी-आर-ई-वाय-ई-आर. 'ड्राय' कडे जरा लक्ष द्या. अधिक कोरडा म्हणायचं असेल तर डी-आर-आय-ई-आर, आणि केस वाळवायचं यंत्र असेल तर सहसा डी-आर-वाय-ई-आर.

लांबलचक शब्दांना 'मोअर' लावायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपली खरी खोड वेगळीच आहे. मराठीत तुलना करताना विशेषण बदलत नाही. 'ठाण्याहून रबाळ्यापेक्षा ऐरोली जवळ', सगळं काम 'पेक्षा' करतो. त्यामुळे इंग्रजीत आपण एकतर काहीच लावत नाही, 'ऐरोली इज निअर दॅन रबाळे', नाहीतर घाबरून दोन्ही लावतो, 'मोअर बेटर', 'मोअर निअरर'. एक अर किंवा एक मोअर. दोन्ही नाहीत.

गंमत अशी की 'निअर' मध्येच एक जुना तरभाव दडलेला आहे. जुना मूळ शब्द 'नाय', स्पेलिंग एन-आय-जी-एच. त्याचं तरभावाचं रूप निअर आणि शेवटचं 'नेक्स्ट'. निअर म्हणजे एकेकाळी 'अधिक जवळ' असाच अर्थ होता. लोक ते विसरले आणि त्यालाच पुन्हा अर लावून निअरर केला. त्यामुळे निअररवाल्या इंग्रजांनी आपल्या 'मोअर बेटर' ला फार हसू नये. अर्थात परीक्षकाला हे कारण सांगून गुण मिळणार नाहीत.

'ओल्डर' आणि 'एल्डर' ही जोडीही लेटर-लॅटरसारखीच. एल्डर जुना, ओल्डर नंतर घडवलेला. एल्डर घरातल्या माणसांसाठी: दादा, ताई, थोरली जाऊ. त्याच्यापुढे दॅन येत नाही. 'माय एल्डर ब्रदर' ठीक, पण 'ही इज ओल्डर दॅन मी'. चाचणी तीच.

पायरी ५: 'सीनियर' ला वेगळं ठेवा

ऑफिसात सगळ्यात जास्त चुकणारं वाक्य म्हणजे 'ही इज सीनियर दॅन मी'. हवं 'सीनियर टू मी'. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे लॅटिनमधून तयार तरभाव घेऊनच आले. त्यांच्यातला 'इओर' हाच 'पेक्षा अधिक' असं म्हणतो. त्यांना दॅन नाही, टू.

लॅटिनचा हा इओर, इंग्रजीचा अर आणि संस्कृतचा 'ईयस्' हे एकाच पूर्वजाचे वंशज आहेत. संस्कृतात श्रेयस् म्हणजे अधिक चांगला, आणि श्रेष्ठ म्हणजे सर्वांत चांगला. हा 'इष्ठ' आणि इंग्रजी 'एस्ट' सख्खे. आपण 'उच्चतर' मधल्या 'तर' चा इंग्रजी अरशी संबंध जोडतो, पण ते आवाजातलं साम्य आहे. 'तर' ची नातलग मंडळी इंग्रजीत 'अदर' आणि 'वेदर' अशा शब्दांत सापडतात. तो 'वेदर' हवामानाचा नव्हे, 'की नाही' अर्थाचा, डब्ल्यू-एच वाला.

याचा एक मजेशीर परिणाम कट्ट्यावर दिसतो. 'सीनियर सिटिझन' मधला सीनियर तरभावात आहे, नुसता 'अधिक वयाचा'. त्याला आपण 'ज्येष्ठ नागरिक' म्हणतो आणि ज्येष्ठ तर तमभावात, 'सर्वांत मोठा'. म्हणजे मासुंदा तलावाकाठी बाकड्यावर बसलेले सगळेच आजोबा व्याकरणाने एकमेकांपेक्षा मोठे.

पायरी ६: हात चालवून बघा

खालच्या वाक्यांतल्या गाळलेल्या जागा भरा. उत्तरं शेवटी आहेत, पण आधी मोठ्याने म्हणा, मग दॅन आणि फॉर्मर लावून बघा.

एक: 'द फर्स्ट पॅसेंजर ट्रेन केम टू ठाणे इन १८५३, द ट्रान्सहार्बर लाइन केम मच ____.'

दोन: 'बिटवीन द सेंट्रल लाइन अँड द ट्रान्सहार्बर लाइन, द ____ टेक्स यू टू वाशी.'

तीन: 'वॉटर सप्लाय विल बी रिस्टोअर्ड इन द ____ हाफ ऑफ द डे.'

चार: 'प्लीज सबमिट द फॉर्म नॉट ____ दॅन फ्रायडे.'

पाच: 'कळवा, मुंब्रा अँड दिवा आर ऑन द सेम लाइन, द ____ इज अ जंक्शन.'

पहिल्यात काळ आहे, १८५३ पेक्षा नंतर, म्हणून एक टी. दुसऱ्यात फॉर्मर बसतो, म्हणून दोन टी. तिसऱ्यात दिवसाचे अर्धे भाग दोन, म्हणून टीही दोन. चौथ्यात दॅन डोळ्यांसमोरच आहे, एक टी. पाचव्यात लेटर नाही आणि लॅटरही नाही. नावं तीन आहेत, म्हणून 'लास्ट'. आणि खरं तर तिथे सरळ दिवा लिहिणंच बरं.